थोरल्या महाराजांचा नित्यनेम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या या अंकाचा मी इतकी वर्षं फक्त वाचक होतो. उमेदीचा सगळा काळ बँकेत कारकुनी करण्यात गेला, त्यामुळे हातून लिहून झालं ते लेजर आणि व्हाऊचर. मी कीर्तनकार नाही, शास्त्रीही नाही. शिक्षण म्हणाल तर बी.कॉम. तेव्हा या लेखात शास्त्रार्थ शोधू नये. प. पू. श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, ज्यांना दत्तसंप्रदायात थोरले महाराज म्हणतात, त्यांचं चरित्र मी गेल्या दोन वर्षांत तीनदा वाचलं. ते का वाचलं याला घरगुती कारण आहे. ते ओघात येईलच.

आधी आपल्या दैवताविषयी एक गोष्ट. दत्तप्रभूंचा दिनक्रम लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. निद्रा माहूरला, स्नान काशीला आणि भिक्षा कोल्हापूरला. लहानपणी मला वाटायचं, देव एवढा का फिरतो? आता वाटतं, फिरण्यापेक्षा त्यातली वेळ महत्त्वाची. ज्याच्या इच्छेनं जग चालतं, तोसुद्धा स्नान चुकवत नाही आणि दुपारच्या भिक्षेची वेळ टाळत नाही. आमचा देवच वेळेचा पक्का आहे. मग त्याचे भक्त कसे असावेत, हे थोरल्या महाराजांच्या चरित्रात दिसतं.

गाणगापूरचं बीज

आम्हा मुरुमकरांना गाणगापूर परकं नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात असलं तरी पौर्णिमेला एस.टी.ने जाऊन निर्गुण पादुकांचं दर्शन घेणारे प्रत्येक गल्लीत आहेत. थोरल्या महाराजांची गोष्ट या गाणगापुरातूनच सुरू होते. त्यांचे वडील गणेशभट टेंबे हे कोकणातल्या माणगावचे. सावंतवाडी संस्थानातलं हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यात आहे. घरदार सोडून ते गाणगापूरला येऊन राहिले आणि माधुकरी मागून अनेक वर्षं दत्तसेवा केली. पुढे घरी परत जाण्याची आज्ञा त्यांना झाली, असं चरित्रकार सांगतात. ते परतले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या पोटी श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ रोजी वासुदेवाचा जन्म झाला.

वासुदेवाला घडवलं ते आजोबा हरिभटांनी. आठव्या वर्षी मुंज झाली आणि त्या दिवसापासून संध्या सुरू झाली ती कधी थांबली नाही. आपल्याकडेही मुंजी होतात. महिनाभर संध्या चालते, मग शाळा, परीक्षा, क्रिकेट. माझंही तेच झालं. या मुलाला मात्र संध्या हे एक काम आहे असं वाटतच नव्हतं. श्वासासारखीच ती चालायची. वेदपठण झालं, संस्कृत झालं, ज्योतिष झालं. गरिबीचं घर, पण अभ्यासाची बैठक मोडली नाही.

एकविसाव्या वर्षी लग्न झालं. पत्नीचं नाव अन्नपूर्णाबाई. लग्नानंतर त्यांनी घरी अग्नी ठेवला, म्हणजे सकाळ-संध्याकाळ होम आलाच. गायत्रीचं पुरश्चरण केलं, गुरुचरित्राचं वाचन चालू ठेवलं. पुढे त्यांना नरसोबाच्या वाडीची ओढ लागली. तिथे गोविंदस्वामींकडून मंत्रोपदेश मिळाला आणि घरातला नेम सद्गुरूंच्या पायाशी जोडला गेला.

पुढे दत्तमूर्ती कागलमध्ये मिळाली आणि १८८३ साली माणगावात दत्तमंदिर उभं राहिलं. अवघ्या सात दिवसांत ते बांधलं, असं परंपरा सांगते. आपण भक्तमंडळी नेमके या सात दिवसांवर थांबतो. मला मात्र त्यापुढची सुमारे सात वर्षं मोठी वाटतात. सात दिवस उत्साहानं कोणीही राबेल. मुरुमात पारायणाच्या सप्ताहाला किती माणसं जमतात आणि सप्ताह संपल्यावर सोमवारी सकाळच्या आरतीला किती उरतात, हे मी वेगळं सांगायला नको. माणगावच्या मंदिरात रोज पहाटेपासून पूजा, पाठ, आल्यागेल्याला अन्न, अडल्यानडल्याचं ऐकून घेणं हे सगळं एका माणसानं वर्षानुवर्षं केलं. गावाला यात्रेचं रूप आलं. आणि गाव असं भरात आलेलं असताना १८८९ मध्ये आज्ञा झाली म्हणून ते फक्त पत्नीला बरोबर घेऊन बाहेर पडले. मंदिर आपण उभं केलं, लोक आपल्यामुळे येतात, असा हिशोब त्यांनी मांडला नाही.

गंगाखेडचे ते दिवस

आता आपल्या मराठवाड्याची गोष्ट. यात्रा करत करत हे दांपत्य गोदातीरी गंगाखेडला आलं. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आपलं मुरुमही त्याच राज्यात. १८९१ च्या वैशाखात तिथे पटकीच्या साथीत अन्नपूर्णाबाई गेल्या. जवळ सगेसोयरे नाहीत. ज्या बाईनं पंधरा-सोळा वर्षं अग्नी सांभाळायला, अतिथी जेवू घालायला आणि पायी यात्रेला साथ दिली, ती परक्या गावात गेली. महाराजांनी तिचं सगळं उत्तरकार्य यथाविधी केलं आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. वय सदतिसाव्या वर्षात. पुढे उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि वासुदेवानंद सरस्वती हे नाव मिळालं.

इथे मला स्वतःचं सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात माझी पत्नी गेली. आमच्या संसाराची अडतीस वर्षं देवाजवळचा सांजदिवा तिनंच लावला. मी बँकेतून यायचो तेव्हा दिवा लागलेला असायचा. तो कोण लावतं, वात कुठून येते, तेल कधी संपतं, हे मला कधी विचारावंच लागलं नाही. माझी भक्ती म्हणजे वर्षातून एकदा दत्तजयंतीच्या आधी पारायण आणि एक गाणगापूर वारी. बाकीचं निवृत्तीनंतर करू, असं म्हणायचो. निवृत्त झालो आणि सकाळी उशिरा उठायला लागलो. पेपर, टीव्ही, कट्टा यात चार वर्षं गेली. निवृत्तीनंतर वेळ मिळतो खरा, पण तो आपोआप देवाकडे जात नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगा-सून नोकरीच्या गावी परतले. आणि मग कितीतरी दिवस आमच्या घरात दिवा लागलाच नाही. मुद्दाम नाही. लावणारं माणूस नव्हतं, एवढंच. एका संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी दारातून डोकावून विचारलं, भाऊजी, अंधारात का बसलात? तेव्हा लक्षात आलं.

त्याच सुमारास आपल्या मंदिराच्या कपाटातून मी हे चरित्र घरी आणलं होतं. गंगाखेडच्या पानावर आलो आणि खरं सांगतो, मला राग आला. बायको जाऊन चौदा दिवस नाही झाले आणि हा माणूस संन्यास घेतो? एवढं सोपं असतं का ते? पुस्तक मिटून ठेवलं. आठवडाभर उघडलं नाही.

पुन्हा उघडलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या, ज्या रागाच्या भरात सुटल्या होत्या. पहिली म्हणजे ते तिला टाकून गेले नव्हते. तिचं जे जे देणं होतं ते फेडून, एकही क्रिया न चुकवता ते पुढे गेले. दुसरी गोष्ट, संन्यास हा त्यांनी दुःखात घेतलेला नवा निर्णय नव्हता. आठव्या वर्षापासून ज्या वाटेनं ते रोज थोडं थोडं चालत होते, तिचाच तो पुढचा मुक्काम होता. दुःख त्यांनाही झालं असेलच. पण पहाटेचं स्नान होतं, जप होता, अर्घ्याची वेळ होती. माणूस कोसळतो तेव्हा त्याला धरायला काहीतरी लागतं. त्यांनी अठ्ठावीस वर्षं जे धरून ठेवलं होतं, त्यानं गंगाखेडला त्यांना धरलं. मी काहीच धरलं नव्हतं, म्हणून मी अंधारात बसलो होतो.

तेवीस चातुर्मास

संन्यासानंतरचं आयुष्य म्हणजे १८९१ ते १९१३ असे तेवीस चातुर्मास. पहिला उज्जैनला, मग गंगाकाठचं ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, दक्षिणेत तंजावर, कुरवपूर आणि शेवटचा नर्मदातीरी गरुडेश्वर. १९०५ चा चातुर्मास आपल्या मराठवाड्यातल्या नामदेवांच्या नर्सीला झाला. हिमालयापासून रामेश्वरापर्यंतचा हा प्रवास त्यांनी पायी आणि अनवाणी केला. त्या काळी रेल्वे देशभर झाली होती, पण वाहनात बसायचं नाही हा नेम होता. सोबत दंड, कमंडलू, नेसूची वस्त्रं, थोड्या पोथ्या. द्रव्याला स्पर्श नाही.

गाव रोज बदलायचं, दिवस मात्र तोच. पहाटे नदीवर स्नान, जप, अनुष्ठान, सोबतच्यांना पाठ, दुपारी ठरावीक घरची भिक्षा, मग लेखन, पुराण, संध्याकाळचं स्नान. मिळालेली भिक्षा जिभेला चव लागू नये म्हणून पाण्यातून काढून घ्यायची. आणि शरीर काही धडधाकट नव्हतं. संग्रहणीचा विकार अनेक वर्षं पाठीशी होता, अंगावर कोड होतं. ज्यांच्याकडे लोक आपलं दुखणं घेऊन येत, त्यांनी स्वतःच्या दुखण्याचं निमित्त करून एक स्नान टाळल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

त्यांची ती कडक सोवळ्याची रीत आपल्याला आज जशीच्या तशी झेपणार नाही. ती संन्यासाश्रमाची होती आणि त्या काळाची होती. तिची नक्कल करायला गेलो तर आठ दिवसांत आपण तरी आजारी पडू, नाहीतर घरची माणसं कंटाळतील. घ्यायचं आहे ते त्यांचं सातत्य.

लेखणीचा नेम

बँकेतल्या माणसाला थक्क करतं ते त्यांचं लेखन. संस्कृतात दत्तपुराण, द्विसाहस्री गुरुचरित्र, समश्लोकी गुरुचरित्र. मराठीत दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्रसार. शिवाय असंख्य स्तोत्रं, अभंग आणि पदं. मुला-तरुणांसाठी कुमारशिक्षा आणि युवशिक्षा, तशी आपल्यासारख्यांसाठी वृद्धशिक्षासुद्धा त्यांनी लिहिली आहे. रोज आरतीनंतर आपण म्हणतो ती करुणात्रिपदी त्यांचीच, आणि ज्या अठरा अक्षरी मंत्रानं आपली पालखी हलते तो मंत्रही त्यांनीच दिला.

सप्तशतीचं एक सांगतो. तिच्या प्रत्येक ओवीचं तिसरं अक्षर घेत गेलं की भगवद्गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. मी कागदावर हिशोब मांडला. अध्यायाचे श्लोक वीस. त्यातले पंधरा बत्तीस अक्षरी, पाच लांब वृत्तातले. बेरीज सातशेच्या घरात जाते. म्हणजे ओव्या सातशेच का, तर गीतेचं एक अक्षरही बाहेर राहू नये म्हणून. ना टेबल, ना खुर्ची, ना दिव्याची सोय, आज या धर्मशाळेत तर उद्या त्या घाटावर. अशा माणसानं हे केलं कसं? एका रात्रीच्या स्फूर्तीनं एवढी खतावणी जुळत नाही. रोज बसावं लागतं.

आमच्या काळी बँकेत दिवसअखेर कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, असा दंडक होता. संगणक नव्हते. पाच पैशांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत सगळे बसायचे. नवीन असताना मला वाटायचं, पाच पैसे खिशातून टाकावेत आणि मोकळं व्हावं. आमचे जुने रोखपाल तसं करू द्यायचे नाहीत. आजचा फरक उद्यावर गेला की उद्या तो सापडत नाही, हे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. बँकेच्या पैशाबाबत तेहतीस वर्षं हे पाळलं. स्वतःच्या दिवसाबाबत एक दिवसही पाळलं नाही. थोरल्या महाराजांनी मात्र रोजचा दिवस रोज जुळवला, फरक पुढे ओढला नाही. माझ्या कारकुनी बुद्धीला त्यांचं मोठेपण एवढंच कळतं आणि तेवढं मला पुरतं.

कार्य पुढे कसं गेलं

देवानं त्यांच्याकडे काय काम सोपवलं होतं? श्रीपाद श्रीवल्लभ आणि नृसिंहसरस्वती यांनी घालून दिलेली वाट पुन्हा स्वच्छ करायची, उपासनेला शिस्त आणायची आणि ती पोथीत बांधून पुढच्यांच्या हाती द्यायची. हे एवढं मोठं काम. पण मी एवढं मोठं काम करणार, असा संकल्प सोडून ते माणगावातून निघाल्याचं चरित्रात कुठे नाही. आज्ञा व्हायची तेवढं पाऊल टाकायचं आणि त्या दिवसाचा नेम पुरा करायचा. काम त्यातूनच झालं.

त्यांचे शिष्यही तसेच. गांडाबुवा महाराज गुजरातेतून आले आणि गोदाकाठी परभणीकडच्या गुंजला समाधिस्थ झाले. नारेश्वरचे रंगावधूत महाराज, इंदूरचे नाना महाराज तराणेकर यांनी ही परंपरा घरोघरी नेली. मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते पुण्याचे गुळवणी महाराज. शाळेत चित्रकलेचे शिक्षक. हजेरी, तास, सुट्टी, पगार हे सगळं आपल्यासारखंच. नोकरी सांभाळून त्यांनी नेम सांभाळला आणि पुढे थोरल्या महाराजांचं सगळं वाङ्मय बारा खंडांत छापून आणलं. नोकरीमुळे देवाचं काही करता आलं नाही, ही सबब त्यांच्यापुढे टिकत नाही. मी ती तेहतीस वर्षं वापरली.

आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६, म्हणजे २४ जून १९१४ रोजी गरुडेश्वरला महाराजांनी देह ठेवला. वयाची साठ वर्षंही पुरी झाली नव्हती. तो देह नर्मदेला अर्पण केला. ज्या वयात मी निवृत्तीचा हार घालून घरी आलो, त्या वयाच्या आत त्यांनी एवढं सगळं पुरं केलं होतं.

माझा दिवा

शेवटी माझं. मी काय मोठं केलं? काही नाही. त्या संध्याकाळी उठून दिवा लावला. वात कशी करायची ते शेजारच्या वहिनींकडून शिकलो. पहिल्या दिवशी तेल सांडलं. दुसऱ्या दिवशी वात बुडाली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला दिवा, करुणात्रिपदी आणि गुरुचरित्राची थोडी पानं, एवढाच नेम धरला आहे. एका जुन्या डायरीत रोज बरोबरची खूण करतो. सवय बँकेची, जात नाही.

डायरीत रिकाम्या जागाही आहेत. मुलाकडे गेलो तेव्हाच्या चार, तापाच्या तीन, आणि काही निव्वळ आळसाच्या. त्या मी भरून काढत नाही. खाडाखोड करायची नाही, हेही बँकेनंच शिकवलं. चुकलेला दिवस चुकलेला म्हणून राहू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर बसायचं. थोरल्या महाराजांच्या वहीत रिकामी जागा नसेल. आपल्या वहीत असणार. पण म्हणून वहीच मिटून ठेवायची नाही.

माझ्या वयाच्या गृहस्थांना एवढीच विनंती. घरात दिवा कोण लावतं ते आज संध्याकाळी बघा. ती माउली असेल तर तिच्या शेजारी जाऊन बसा. तिच्याकडून वात करायला शिका. मला ते अडतीस वर्षांत सुचलं नाही. आणि आपल्यावर देवानं काय सोपवलं आहे, याचा फार विचार करत बसू नका. आजची वेळ पाळली की उद्याचं तो सांगतो, असं थोरल्या महाराजांचं चरित्र वाचून माझं मत झालं आहे.

लेखात काही उणं-अधिक झालं असेल तर ते या कारकुनाच्या नावे टाकावं. जमा बाजूला जे असेल ते सद्गुरूंचं.

सर्वांना दत्तजयंतीच्या मंगल शुभेच्छा.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥